वाटीभर तेल आणि कलम पाच

३ जानेवारी १९९६, बुधवार

आज कुत्र्याचा विमा उतरवला. वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर आहे.

दोष माझाच. गेल्या आठवड्यात मीच बातमी पाठवली होती — कुत्रा कुणाला चावला तर मालकावर येणारी भरपाई आता विमा कंपनी भरणार. बीडला संपादकांनी ती चौकटीत टाकली, वर एक हसरा कुत्राही छापला. ती चौकट कापून, खिशात घालून शहादेव हजर. हा विमा एजंट. आजवर धारूर तालुक्यातल्या म्हशींखेरीज कुणाचा विमा त्यानं उतरवलेला नाही. म्हणाला, "आप्पा, छापलं तुमी. आता तुमीच न्हाई घेतलं तर लोक म्हन्तील पत्रकार थापा मारतो."

पत्रकाराला एवढं पुरतं.

आमचा कुत्रा गावठी, तांबूस, चार वर्षांचा. नाव सारमेय, म्हणजे संस्कृतात कुत्राच. मठाच्या पाठशाळेत सात वर्षं घोकलेलं संस्कृत कुठंतरी कामी यावं म्हणून ठेवलेलं. गल्ली त्याला सरम्या म्हणते आणि तो तिलाच ओ देतो. अर्ज भरून झाल्यावर शहादेवनं सवयीनं पिशवीतून कानात ठोकायचा बिल्ला काढला, म्हशीला मारतात तो. सारमेय आणि मी दोघंही मागं सरकलो.

पुस्तिका इंग्रजीत, चार पानी. शब्दकोश घेऊन दुपारभर बसलो. कलम पाच फार आवडलं: 'कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कोणतीही जबाबदारी कबूल करू नये, काही देऊ नये, देऊ करू नये.' सूत्र असावं तर असं — अक्षरं थोडी, पळवाट नाही. समासात पेन्सिलीनं मराठी भाष्य लिहिलं.

जगदेवी, माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "चार वर्षं कुत्र्याला साखळी नव्हती. आता तुम्हालाच लागली म्हणायची."

७ जानेवारी, रविवार

सकाळी रामहरी आला, नेहमीप्रमाणे. समोरच्या घरातला शिंपी. सव्वीस वर्षं माझा पेपर तो माझ्याआधी वाचतो. माझी बातमी असली तर मोठ्यानं वाचतो, तीत चूक असली तर आणखी मोठ्यानं.

विम्याचं ऐकून चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "म्हंजे सरम्या मला चावला तर मला पैसं मिळतील?"

"तुझ्या पोटरीला मांसच नाही. कंपनी म्हणेल, नुकसान कुत्र्याचं झालं."

खांदे हलेपर्यंत हसला. मग म्हणाला, "ते कंपनीचं ऱ्हाऊ द्या. तुमी काय देनार?"

"मी काहीच देऊ शकत नाही. कलम पाच."

दोघंही हसलो. जाताना सारमेयाच्या कानामागं खाजवून गेला.

११ जानेवारी, गुरुवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी सात-सव्वासात. थंडी कडाक्याची. मी माडीच्या खिडकीत चहा पीत होतो. सारमेय खाली ओट्याच्या पायरीशी उन्हाची वाट बघत झोपलेला. रामहरी पेपरासाठी बोळ ओलांडून आला. अंगावर घोंगडं, डोक्याला मफलर, चष्म्यावर धुकं. त्याचा पाय शेपटीवर पडला. कुत्रा एकदाच केकाटला आणि पोटरी धरली. लगेच सोडलीही. मग स्वतःच भिऊन ओट्याखाली जाऊन बसला.

रामहरी ओरडला नाही. त्यानं वर पाहिलं. मी खिडकीत, हातात बशी. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग वळला आणि लंगडत घरात गेला.

मी खाली उतरलो. दारात शहादेव — पॉलिसीची शिक्क्याची प्रत घेऊन आलेला. बोळाच्या तोंडातून त्यानंही पाहिलं होतं. त्यानं माझा दंडच धरला. "आप्पा, थांबा. आता तिकडं गेलात म्हंजे कबुली झाली. कलम पाच तुमीच मला वाचून दावलं. रामहरीभाऊला कंपनीकडून चांगली भरपाई काढू. तुमी एक शब्द बोललात की ती बुडाली."

रामहरीच्या भल्यासाठीच बोलायचं नाही, असं ते होतं. मला पटलं. लवकर पटलं.

दहा मिनिटांत केसरबाई आली, रामहरीची बायको. हातात रिकामी वाटी.

इथली रीत आहे. ज्याच्या घरचं कुत्रं चावलं त्याच्याच घरचं तेल आणि मिरचीपूड जखमेला लावायची. मागायला येणारा भांडायला येत नाही. देणारा मान खाली घालून देतो, चपला घालतो आणि जखमी माणसाबरोबर दवाखान्यात जातो. तेलानं जखम बरी होत नाही हे मला कळतं, केसरबाईलाही कळत असेल. तेल त्यासाठी नसतंच.

"आप्पा, वाईच तेल आन् मिर्चीपूड द्या."

जगदेवी आधीच आत गेली होती भरायला. शहादेव माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो — शब्द जसेच्या तसे लिहितो — "केसरबाई, आमचंच कुत्रं कशावरून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. "त्ये काय बोलले न्हाईत," म्हणाली. "मीच समजले." आणि गेली.

जगदेवी तेलाची वाटी नि मिरचीची पुडी घेऊन दारात उभी. तेल परत बरणीत ओतलं. ओतायला फार वेळ लावला.

१२ जानेवारी, शुक्रवार

दवाखान्याचा कंपाउंडर बाजारात भेटला. त्यानं बातमी म्हणून सांगितलं: डॉक्टरांनी विचारलं कुत्रं कुणाचं, रामहरी म्हणाला, मोकाट. मोकाट म्हटल्यावर पोटात चौदा सुया, रोज एक. आज पहिली.

दवाखान्यातून येताना केसरबाईनं त्याला सात विहिरींत डोकवायला लावलं. कुत्रं चावलं की इथं तेही करतात. आमच्या अंगणातला आड त्यांच्या दारापासून वीस पावलांवर. सातव्या विहिरीसाठी ते पार किल्ल्याकडं गेले.

१४ जानेवारी, रविवार

शहादेवनं दाव्याचा अर्ज भरून घेतला. 'घटनेचे वर्णन' या रकान्यात मी स्वच्छ लिहिलं: आमच्या कुत्र्याने शेजारी रामहरी यांच्या उजव्या पोटरीस चावा घेतला. खाली सही.

समोरच्या घरी सांगायचं नाही, ते बीडला टपालानं कळवलं.

"आता कंपनीचा मानूस चौकशीला येईल," शहादेव म्हणाला. "तवर तोंड उघडू नका."

"शहादेव, मी बातमीदार आहे. तोंड उघडण्याचाच पगार मिळतो."

"पगार कुटं, आप्पा. मानधन."

खरं आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

जगदेवीचं हळदीकुंकू. एकवीस जणी आल्या. केसरबाई आली नाही. दरवर्षी ती पहिली येते, आणि वाणाच्या वस्तूला नावं ठेवून जाते.

जगदेवीनं एक वाण बाजूला काढून ठेवलं. स्टीलची वाटी. मी विचारलं, "ही कुणाची?"

"मोकाट," ती म्हणाली.

१७ जानेवारी, बुधवार

सात दिवस झाले, पेपराची घडी मीच मोडतो. घडी मोडणाराला पहिल्यांदा शाईचा वास येतो, हे सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं.

१८ जानेवारी, गुरुवार

एसटीडी बूथवर संपादकांचा निरोप होता: कुत्र्यांच्या उपद्रवावर काही पाठवा, जिल्हाभर करतोय. मी सहा ओळी लिहिल्या. दुसऱ्या ओळीत 'मोकाट कुत्र्याने चावा घेतल्याने एक शिंपी जखमी'. दवाखान्याच्या नोंदीत तसंच आहे. बातमीदारानं नोंदीला धरून लिहावं.

सहा ओळी लिहायला पाऊण तास लागला.

आज सातवी सुई. केसरबाई त्याला सायकलवर बसवून, सायकल हातानं ढकलत नेते. खिडकीतून दिसतं. खिडकी बंद केली. मग उघडली, कारण चांभारचौकाच्या वळणावर ती सायकल चढावर ढकलू शकते की नाही ते बघायचं होतं. ढकलते.

आयुष्यभर सुई चालवणाऱ्या माणसावर एक विनोद सुचला. इथंसुद्धा लिहीत नाही.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी सारमेयाला घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. कुत्रा दहा दिवस बांधून ठेवला होता. त्यांनी डोळे पाहिले, तोंड पाहिलं, भाकरीचा तुकडा टाकला, पाण्याची थाळी पुढं ठेवली. तो थाळी चाटूनपुसून डॉक्टरांचा हात चाटायला लागला.

"ठणठणीत आहे. लस गेल्या पावसाळ्यात मीच टोचलीय. का, कुणाला चावला का?"

"चावला असता तर?"

"तर काय. चावून दहा दिवस झाले आणि कुत्रं असं उड्या मारतंय, म्हणजे चावलेल्याला धोका नाही. सुया चालू असतील तर थांबवतात. पोटातल्या त्या सुया काही साध्या नसतात, आप्पा. विनाकारण एकही घेऊ नये."

आजची दहावी. चार उरल्या.

दवाखान्यातून निघालो तो सरळ रामहरीच्या दारापर्यंत. दार लोटलेलं. आत मशीन चालू नव्हतं. कडीला हात लावला. सांगायचं एवढंच होतं: कुत्रं आमचं, धडधाकट आहे, उद्यापासून जाऊ नकोस. तीन छोटी वाक्यं. पाठशाळेत याहून कितीतरी अवघड पाठ एका दमात म्हटलेत.

मागून शहादेवची हाक. "आप्पा! परवा येतोय कंपनीचा मानूस. पक्कं. दहा दिस कळ काढली, आता दोनासाठी कावून माती करता?"

हात काढला. परवा म्हणजे दोनच सुया, असा हिशेब केला. दुसऱ्याच्या पोटातल्या सुया मोजणं सोपं असतं.

२२ जानेवारी, सोमवार

काल बातमी छापून आली. रात्री कुणीतरी विष घातलेली भजी टाकली. गल्लीतली चार कुत्री सकाळी गटाराकडेला पडलेली. त्यांतली काळी कुत्री कुणाला कधी भुंकलीही नव्हती.

सारमेय घरात, साखळीला. सुखरूप.

२३ जानेवारी, मंगळवार

कंपनीचा माणूस आला नाही. मांजरसुंब्याला गाडी बदलताना चुकली म्हणे. ढाब्यावर जेवून परत बीडला गेला. शनिवारी येणार. बारावी सुई.

आज जगदेवी म्हणाली, "मी जाऊन सांगू का?" मी म्हणालो, "कंपनीच्या दृष्टीनं तू मी एकच." ती म्हणाली, "कंपनीच्या दृष्टीनं ना? बरं."

२५ जानेवारी, गुरुवार

चौदावी झाली.

२७ जानेवारी, शनिवार

कंपनीचा माणूस आला. तरुण, सभ्य, चहात साखर कमी घेणारा. आधी समोर रामहरीकडे जाऊन आला आणि मग माझ्या ओट्यावर फाईल उघडून बसला.

"ते म्हणतात कुत्रा मोकाट होता. कुणाकडून काही नको म्हणतात. मग दावा कसला? तुमच्यावर कुणी मागणीच केलेली नाही. फाईल बंद करावी लागेल."

मी कलम पाच काढून पुढं ठेवलं, माझ्या भाष्यासकट. त्यानं समासातली टीप वाचली, कौतुकानं. "छान अक्षर आहे. पण सर, हे कोर्टकचेरीतल्या आणि पैशांच्या कबुलीसाठी आहे. शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं, तेल-मिरची दिली, म्हणून कुठली कंपनी भरपाई अडवते? कुत्रं आमचं हे डॉक्टरला तर सांगायलाच हवं होतं. उपचार त्यावरच ठरतात ना."

शहादेव चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याचा दोष नाही. तो म्हशींचा माणूस. वाचलं मी होतं. शब्द न् शब्द वाचला होता.

माणूस गेल्यावर घरात आलो. जगदेवीला म्हणालो, "तेल दे."

तिनं हळदीकुंकवाचं बाजूला ठेवलेलं वाण काढलं, ती वाटी भरली, मिरचीची पुडी दिली. बोळ ओलांडायला तेरा पावलं लागतात. सोळा दिवसांनी ओलांडला.

रामहरी भिंतीला टेकून बसला होता, पोटावर गरम पाण्याची पिशवी. पोट सुजून कडक झालेलं, सदऱ्याची खालची बटणं उघडी. मी वाटी पुढं ठेवली. पाठ केलेलं काही आठवेना. "कुत्रं आमचं होतं, रामहरी."

"ठाऊक हाय."

"मी पाहिलं होतं."

"म्या वर बघितलं तवा तुमच्या हातात बशी होती," तो म्हणाला. "सांडला का च्या?"

"नाही."

"मग बरं."

मी विचारलं, "डॉक्टरला मोकाट का सांगितलंस? आमचं कुत्रं होतं म्हटलं असतंस तर—"

"तुमीच म्हनले ना, तुमचंच कशावरून. म्हनलं, आप्पाची कायतरी अडचन आसंल. शिकलेला मानूस उगं न्हाई बोलनार." पिशवी पोटावर सारखी केली. "आन् तुमचं म्हनलं आसतं तर लोकांनी सरम्याला ठिवलं नसतं. बाकीच्यांचं बघितलंच की तुमी."

बातमीचं तो बोलला नाही. पण कोनाड्यात तो पेपर होता. पैसे देऊन विकत आणलेला.

केसरबाईनं वाटी उचलली. "जखम भरली आता. हे तेल काय करू?"

"मशीनला चालत न्हाई," रामहरी म्हणाला, "न्हाईतर तिला घातलं आसतं. चार दिस झाले, पाय जड पडतोय का मशीन, कळंना."

"दिव्याला घालते," केसरबाई म्हणाली. आणि माझ्यादेखत देवापुढच्या समईत ओतलं. वाटी धुऊन परत दिली. मी म्हणालो, "वाटी तुमचीच आहे, वाणाची." तिनं ती फळीवर पालथी ठेवली. रागानं ठेवली की नुसतीच ठेवली, मला ओळखता आलं नाही.

उद्या पेपर वाचायला ये म्हणालो. "येतो की," तो म्हणाला. "पाय हलका होऊ द्या."

२९ जानेवारी, सोमवार

आला नाही. मीच पेपर घेऊन गेलो. मोठ्यानं वाचून दाखवला. दोन ठिकाणी मुद्दाम चुकीचं वाचलं. त्यानं दुरुस्त केलं नाही. उजव्या पायाला हात लावून बघत होता, माप घेताना कापड चाचपतो तसा.

३१ जानेवारी, बुधवार

सकाळी केसरबाई आमच्या दारात. पहिल्यांदाच धावत. "आप्पा, चला. मशीनवर बसले आन् पाय उचलंना. दुसराबी."

मी गेलो. रामहरी मशीनवर बसलेला, दोन्ही हात कापडावर, टाका घालायला तयार. पाय पायट्यावर. "खाली बघू नका," मला म्हणाला, "वर बघा. मी सांगतो तवाच पायाकडं बघा, हलला का सांगा." मग म्हणाला, "आता."

हलला नाही.

"आता?"

मी हलला म्हणालो.

जीप ठरवली. अंबाजोगाईला निघतोय. चपला घातल्या.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. अंबाजोगाई

मोठ्या डॉक्टरांनी पायांवर हातोडी मारून पाहिली. म्हणाले, हजारांत एखाद्याला या सुयांमुळं होतं. काहींचे पाय परत येतात, काहींचे येत नाहीत. मग कागद पुढं ओढला. "कुत्रं मोकाट होतं?"

"माझं होतं," मी म्हणालो. "लस टोचलेलं. अजून जिवंत आहे."

पेन थांबलं. "मग दहाव्या दिवशी सुया थांबवायला सांगितलं कसं नाही तुम्ही?"

मी तोंड उघडलं. खाटेवरून रामहरीच आधी बोलला. "सायेब, आप्पा तवा गावात नव्हते."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

मी गावातच होतो. चौदाही दिवस, खिडकीत.